थंडाईतलं ज्येष्ठमध

कुटुंब सल्ला केंद्राच्या भिंतीवर एक तक्ता टांगलेला होता. भांडणाच्या वेळी पतीचं ओज सातशेच्या वर असेल तर प्रकार 'जैविक' समजावा आणि समजुतीवर मिटवावा. त्याखाली असेल तरच पुढची चौकशी करावी. तक्त्याला सोनेरी चौकट होती आणि कोपऱ्यात ओजपट्टी विकणाऱ्या कंपनीचं चिन्ह.

"किती होतं त्यांचं?" समुपदेशक बाईंनी विचारलं.

"सातशे ऐंशी," ऋचा म्हणाली. तिच्या उजव्या भुवईवर चिकटपट्टी होती. थंडाईचा पितळी पेला तिथे लागला होता.

"मग झालं तर." बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही स्वतः लॅबमध्ये हार्मोनच्या तपासण्या करता, तुम्हाला मी काय सांगायचं? नळाला जोर असला की पाणी उडणारच."

"नळ बंद करता येतो."

"असं बोलायला सोपं असतं. कमी ओजाचा नवरा चालला असता का तुम्हाला? माझ्या बहिणीचा आहे. तीनशेच्या वर कधी गेला नाही. दिवसभर कुंड्यांना पाणी घालत बसतो."

"मारतो का?"

"छे. त्याच्यात कुठली आलीय धमक?"

बाईंच्या आवाजात तुच्छता होती, आणि ती कुंड्यांना पाणी घालणाऱ्या माणसाबद्दल होती.

हा काळ अजून यायचा आहे. तो असाच येईल असं म्हणण्याइतकी माझी स्वतःच्या तर्कावर श्रद्धा नाही. पण गोष्टीपुरता तो येऊन गेला असं धरू.

ओजपट्टी म्हणजे दंडावर चिकटवायची दोन बोटं रुंद पट्टी. तिच्या आतल्या बाजूला केसाहून बारीक सुया असतात. त्या कातडीखालच्या पाण्यातलं टेस्टोस्टेरॉन मोजतात आणि वरच्या काचेवर आकडा उमटतो. आकडा लहान असेल तर काच निळी, मध्यम असेल तर केशरी, मोठा असेल तर लाल. पट्टी आली ती आजारी माणसांसाठी, ज्यांच्या शरीरात हे संप्रेरक खरोखर तयार होत नाही त्यांना औषधाचा डोस ठरवता यावा म्हणून. त्या माणसांना तिचा उपयोग झाला असेलच. बाकीच्यांनी तिचं काय केलं ते सांगायची मला लाज वाटते, पण सांगतो.

लग्नाच्या बायोडेटात उंचीच्या खाली ओज लिहिलं जाऊ लागलं. निवडणुकीत उमेदवार सभेच्या सुरुवातीला बाही वर सारून दंड दाखवू लागले आणि लोक आकड्याला टाळ्या वाजवू लागले. गावोगावच्या पुरुषांनी सोयाबीनचं तेल घराबाहेर काढलं, कारण सोयाबीनमध्ये स्त्रीसंप्रेरकासारखा एक पदार्थ असतो असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. त्यानं ओजात फरक पडत नाही हे सांगणारे प्रयोग वाचायला कुणाला वेळ नव्हता. आणि एक गोष्ट खरी होती, तिचा उपयोग तर फारच वाईट झाला. तान्हं मूल छातीशी घेणाऱ्या बापाचं टेस्टोस्टेरॉन थोडं उतरतं. निसर्गानं त्यात काही शहाणपण योजलेलं असावं. हे कळलं तेव्हापासून गावातल्या बापांनी मुलं उचलणं बंद केलं. सकाळी फिरायला निघालेल्या जोडप्यात मूल बाईच्या कडेवर आणि पुरुषाचा मोकळा दंड उघडा, असं दृश्य जिकडेतिकडे दिसे, आणि ते कुणाला हास्यास्पद वाटत नसे.

विक्रांत सरनोबतनं आपली मुलगी इरा बारशाला एकदा घेतली होती. फोटोपुरती.

सरनोबतांचं घर कोल्हापूरच्या दक्षिणेला एका तालुक्याच्या गावी होतं. विक्रांतचे आजोबा पैलवान होते. विक्रांत तालमीत एक हंगाम गेला होता. खांदा दुखला तेव्हा परत आला. आता त्याची खोदाईची मशिनं भाड्यानं जात आणि तो दूध संघाच्या निवडणुकीला उभा होता. पण पैलवानाच्या घरची थंडाई त्यानं सोडली नव्हती. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी, मगजबी, सगळं दगडी कुंडीत घोटून, दुधात कालवून, रोज सकाळी पितळी पेल्यात त्याच्या हातात द्यावं लागे. मिक्सरमधली त्याला चालत नसे. घोटायचं काम ऋचाचं. कपाळ फुटलं तेव्हाही घोटायचं राहिलं नव्हतं. बदाम जाड राहिला होता.

सल्ला केंद्रातून ती घरी आली तेव्हा इरा पलंगाखाली बसून चित्र रंगवत होती.

"बाहेर ये. बाबा गेलेत ना?"

"गेलेत. पण परत येतील. सकाळी लाल होती." सहा वर्षांची ती मुलगी पट्टीचे रंग अक्षरांच्या आधी शिकली होती. लाल असली की पलंगाखाली, केशरी असली की दाराआड, निळी असली की काहीही करायला मोकळी. निळी तिनं अजून पाहिली नव्हती.

सासूबाई, मनीषाबाई, ओट्याशी मेथी निवडत होत्या. "काय म्हणाल्या केंद्रात?"

"जैविक आहे म्हणाल्या."

"ह्यांच्या वेळी पट्टी नव्हती," मनीषाबाई म्हणाल्या. "तरी ताट फेकायचेच." आणि पुन्हा मेथीकडे वळल्या.

त्या बोलण्याकडे ऋचानं लक्ष दिलं असतं तर पुढचं सगळं वाचलं असतं. पण तिच्या डोक्यात 'जैविक' हा शब्द घुमत होता. तिला त्यात प्रथमच आशा दिसत होती. जे जैविक आहे ते बदलता येतं. नवरा वाईट आहे आणि नवऱ्याचं रक्त वाईट आहे, या दोन गोष्टींत फार अंतर असतं. दुसरी खरी असेल तर लग्न वाचेल, इराला बाप मिळेल. पहिली खरी असेल तर काय करायचं हे तिला चांगलं ठाऊक होतं, आणि म्हणूनच ती खरी नसावी असं तिला वाटत होतं.

इथे थोडं शास्त्र. शरीर टेस्टोस्टेरॉन बनवतं ते कोलेस्टेरॉलपासून, पण एका झटक्यात नाही. एकेका पायरीवर एकेक विकर, म्हणजे एन्झाइम, बसलेलं असतं. पायरीवर आलेल्या रेणूचा एखादा तुकडा ते तोडतं किंवा जोडतं आणि रेणूला पुढं ढकलतं. शेवटच्या पायरीवरचं विकर अडवलं की मागचा सगळा कारखाना चालू राहूनही माल बाहेर पडत नाही. आपल्या रोजच्या खाण्यातले काही पदार्थ या विकरांना असे अडवतात. बहुतेकांचा परिणाम क्षुल्लक असतो, आणि त्यांच्या नावानं विकली जाणारी चूर्णं ही शुद्ध लूट असते. ज्येष्ठमध मात्र अपवाद आहे. गवई घशासाठी चघळतात ते हेच मूळ. त्यातला गोड पदार्थ शेवटच्या पायऱ्यांवरच्या विकरांना अडवतो, आणि आठवडाभर बऱ्यापैकी मात्रेत पोटात गेलं तर पुरुषाच्या रक्तातला आकडा खाली येऊ शकतो. हाच पदार्थ मूत्रपिंडातलंही एक विकर अडवतो; त्यानं रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. म्हणून तो खेळण्यातला पदार्थ नव्हे.

ऋचा हे सगळं जाणून होती. तिनं बाजारातून ज्येष्ठमधाची पूड आणली, थंडाईतली साखर काढली आणि तिच्या जागी पूड घातली. गोडी तशीच राहिली. निवडणुकीच्या दगदगीचं निमित्त सांगून ती रोज विक्रांतचा रक्तदाब बघू लागली. त्याला ते आवडलं. आपली काळजी घेतली जावी असं त्याला नेहमीच वाटे.

मनीषाबाईंनी कुंडीत डोकावून पाहिलं, वास घेतला, आणि त्या पुन्हा कामाला लागल्या.

दुसरा आठवडा संपेपर्यंत काच केशरी झाली. मग एका सकाळी विक्रांत न्हाणीतून बाहेर आला तो टॉवेल दंडावर गुंडाळूनच. ऐन एप्रिलात त्यानं पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला.

"गरम नाही होत?" ऋचानं विचारलं.

"तुला काय करायचंय?"

"आकडा किती आहे?"

"आहे तेवढा आहे. ताण आहे मला. ताणानं उतरतं, डॉक्टर म्हणतात. घरात जरा शांतता मिळाली तर वर येईल की." त्यानं थंडाईचा पेला संपवला आणि खुर्ची पायानं मागं सारली. "आणि ओज उतरलं की माणूस चिडचिडा होतो, हेही लक्षात ठेव."

वर असताना ओजामुळं, खाली असताना ओजाअभावी. ऋचाला हसू आलं नाही, कारण ती अजून वाट पाहत होती. शरीराला सवय व्हायला वेळ लागतो, असं ती स्वतःला समजावत होती. हुशार माणसं स्वतःला फसवताना किती व्यवस्थित कारणं देतात.

त्या रविवारी ती दुपारी लॅबमधून आली तेव्हा इरा स्वयंपाकघरात आजीच्या मांडीवर होती. गालावर बोटं उमटली होती.

"मी फक्त चित्र दाखवायला गेले," इरा म्हणाली. ती रडत नव्हती. तिला काहीतरी कळत नव्हतं. "ते झोपले होते, बाही वर गेली होती. पट्टी निळी होती, आई. मी नीट बघितलं. निळीच होती."

ऋचा खाली बसली. मुलीला निळा रंग तिनं दिला होता. त्या रंगाच्या भरवशावर मूल पलंगाखालून बाहेर आलं होतं.

सोमवारपासून थंडाईत पुन्हा साखर पडू लागली.

आणि त्याच आठवड्यात बुधवारी विक्रांत अर्ध्या बाहीत घरभर फिरू लागला. काच लालभडक. आठशे साठ.

ऋचाला ते पटेना. ज्येष्ठमध थांबवलं की आकडा परत येतो, पण इतक्या लवकर नाही, आणि पहिल्यापेक्षा उंच तर नाहीच. उत्तर चालत लॅबमध्ये आलं. अक्षय मगदूम, बसस्टँडसमोरचा मोबाईल आणि पट्ट्या दुरुस्त करणारा, आईच्या साखरेच्या तपासणीला आला होता.

"वैनी, साहेबांची पट्टी बरी चालतीय न्हवं?"

"का? बिघडली होती?"

"बिघाड कसला त्यात? आकडा लावून दिला. म्हटलं किती लावू, तर म्हणाले नऊशे लाव. मी म्हटलं नको साहेब, दूध संघाचा चेअरमन साडेआठशेवर हाय, तुमी आठशे साठ घ्या. लई वर गेलं की लोकांना शंका येती."

"चेअरमनची पट्टीही तूच लावलीस?"

अक्षय खुर्चीत सावरून बसला. तो बढाईखोर नव्हता, पण धंद्याचं कौतुक कुणाला नको असतं? "वैनी, गावातली निम्मी मर्दानगी माझ्याच टेबलावर चार्जिंगला असती. फौजदार, दोन नगरसेवक, व्यायामशाळेचा मास्तर. ते सल्ला केंद्राचे साहेब हायत न्हवं, ज्यांनी तक्ता लावला? दोनशे दहा. मी सातशे करून दिलं. आईचा रिपोर्ट कधी मिळंल?"

"संध्याकाळी," ऋचा म्हणाली.

"आणि हे घरात बोलू नका हां. साहेब म्हणाले, बायकोला कळायला नको."

म्हणजे विक्रांतला माहीत होतं. ती संध्याकाळभर याच वाक्यापाशी येऊन थांबत राहिली. आपलं रक्त काय सांगतं हे त्याला ठाऊक होतं, आणि काच काय सांगते हेही.

उमेदवारांना विम्यासाठी रक्त द्यावं लागे. विक्रांत ते द्यायला तिच्याच लॅबमध्ये आला, कारण तिथे पैसे पडत नसत. तिनं त्याच नमुन्यात टेस्टोस्टेरॉनही तपासलं; यंत्रानं तीनशेच्या आतला आकडा दाखवला. तिनं नमुना पुन्हा लावला. तोच आकडा. पोटॅशियम ठीक होतं, रक्तदाब ठीक होता. तिनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि लगेच स्वतःवरच चिडली.

दुसऱ्या सकाळी थंडाई गार नव्हती. तेवढंच निमित्त. विक्रांतनं पेला भिंतीवर मारला. दूध कॅलेंडरवरून ओघळलं. इरा पलंगाखाली गेली. मनीषाबाई फडकं घेऊन उठल्या, जणू रोजचं झाडणं.

"आठशे साठ आहे माझं," विक्रांत म्हणाला आणि दंड पुढं केला. "हे आवरताना काय होतं ते तुम्हा बायकांना कळणार नाही. सोसत नसेल तर तोंड मिटून राहायला शिका."

हे तो गंभीरपणे म्हणाला. खोटी काच दाखवताना त्याच्या चेहऱ्यावर एक रेषा हलली नाही. ऋचानं त्या चेहऱ्याकडे आयुष्यात पहिल्यांदा शांतपणे पाहिलं. त्यात कसलाही वणवा नव्हता, कसलाही जोर नव्हता. आपल्याला कुणी विचारणार नाही याची खात्री असलेला एक आळशी माणूस होता, बस.

"आठशे साठ अक्षयनं लावून दिलंय," ती म्हणाली. "काल मी तुमचं रक्त दोनदा मोजलं. तीनशेसुद्धा नाही."

विक्रांतचा हात खाली आला. दाराकडे बघून तो हळू आवाजात म्हणाला, "कुणाकुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही. अजून एक सांगायचंय. गेल्या महिन्यात मी तुमच्या थंडाईत ज्येष्ठमध घालत होते. रोज. त्यानं टेस्टोस्टेरॉन उतरतं. तुम्हाला न सांगता घातलं, ते चूक केलं. रक्तदाब त्यासाठीच बघत होते."

ती भिंतीला टेकून उभी राहिली. आता तो ओरडेल, अंगावर येईल, पोलिसांचं नाव काढेल, असं तिला वाटलं. तिची त्याला तयारी होती. पोलिसांत जायचा त्याला हक्कही होता.

विक्रांतनं दंडावरच्या काचेवरून बोट फिरवलं. मग त्यानं विचारलं, "म्हणजे माझं आपलं आपण कमी झालं नव्हतं?"

"नाही."

"तुझ्या त्या पुडीनं झालं."

"हो."

"आणि बंद केलं की परत येणार?"

"येणार. आणखी एखादा आठवडा."

"पूर्वीइतकं?"

"पूर्वीइतकं."

विक्रांत खुर्चीत बसला आणि हसला. त्याच्या सबंध अंगातून भीती निघून गेली. डोळे ओले झाले. कपाळावरचा घाम पुसत तो आईला म्हणाला, "ऐकलंस का, आई? मला वाटलं, संपलंच सगळं." बायकोनं आपल्याला महिनाभर काय पाजलं हे तो विसरूनही गेला होता. भिंतीवरून दूध ठिबकत होतं, पलंगाखाली पोर होतं, आणि तो इतका आनंदात होता, की इरा जन्मली त्या दिवशीही त्याच्या तोंडावर असा आनंद ऋचानं पाहिला नव्हता.

"उद्या सभा आहे," तो उठत म्हणाला. "पांढरा शर्ट काढून ठेव. अर्ध्या बाहीचा."

तिनं तो काढून ठेवला. इस्त्रीसुद्धा केली.

सभा बाजार मैदानात होती. कर्ण्याचा आवाज बसस्टँडपर्यंत येत होता. निवेदकानं विक्रांतचं नाव घेतलं, दंड वर झाला असावा, कारण आकडा पुकारला गेला आणि टाळ्या पडल्या. बसस्टँडसमोर अक्षय मगदूम आपल्या दुकानाच्या पायरीवर उभा राहून त्या टाळ्या ऐकत होता. ऋचाला बॅगांसकट पाहून त्यानं नमस्कार केला. पुन्हा एकदा बॅगांकडे पाहिलं आणि आत निघून गेला.

बसमध्ये इरा खिडकीशी बसली. मधे ऋचा. कडेला मनीषाबाई. त्यांना कुणी चला म्हटलं नव्हतं. सकाळी ऋचा बॅग भरत असताना त्यांनी आपली पिशवी आणून शेजारी ठेवली होती आणि वर एक पातळ घडी करून टाकलं होतं.

कंडक्टर जवळ आला तशी इरानं सवयीनं त्याच्या दंडाकडे पाहिलं. दंडावर काहीच नव्हतं.

"आई, ह्यांची पट्टीच नाही," ती कुजबुजली. "मग कसं ओळखायचं?"

"थोडा वेळ बघायचं," ऋचा म्हणाली. "कसे वागतात ते."

इरा बघत राहिली. कंडक्टरनं एका म्हातारीची टोपली वर ठेवली, तिला सुटे पैसे परत दिले आणि पुढं गेला.

गाव मागं पडलं तेव्हा मनीषाबाईंनी पिशवीतून कागदाची पुडी काढली. उरलेलं ज्येष्ठमध. चिमूटभर जिभेवर ठेवून त्यांनी पुडी ऋचापुढं धरली. "प्रवासात घसा कोरडा पडतो."

"तुम्हाला कळलं होतं," ऋचा म्हणाली. "कुंडीचा वास घेतलात त्या दिवशीच."

"कळणार नाही? मी तुझ्या सासऱ्यांना धने-पुदिन्याचं पाणी पाजलंय. एका वैदूनं सांगितलं होतं, पुरुषाच्या अंगातला ताप उतरतो म्हणून. पुष्कळ वर्षं पाजलं."

"मग? फरक पडला?"

"पडला की. आधी तापून मारायचे, मग थंड डोक्यानं मारायला लागले."

ऋचा त्यांच्याकडे बघत राहिली. "मग हे मला आधी का नाही सांगितलंत, आई?"

मनीषाबाईंनी पुडीची घडी घातली आणि ती पुन्हा पिशवीत ठेवली.

"म्हटलं, आता विज्ञान पुढं गेलंय."